मेमसेट लिहिलं होतं, पण पुसलंच गेलं नाही! लायब्ररीत वेगळं फंक्शन टाकावं का?

वाळूजचा_वायरमन (शुक्रवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही वाळूजला एका छोट्या युनिटमध्ये दूध संकलन केंद्रावरचं मशीन बनवतो. सकाळी सहाला गावात कॅन घेऊन लाइन लागते, वजन होतं, फॅट लागते, पावती निघते, तेच मशीन. त्यात दुधाचा भाव बदलायचा तर ऑपरेटरला सहा आकडी पिन टाकावी लागते. पिन जुळली का बघायचं आणि लगेच पुसून टाकायची, असा कोड आमच्या आधीच्या साहेबांनी लिहून ठेवलेला. फंक्शनच्या शेवटच्या ओळीत पिनच्या बफरवर (पिन ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्यावर) मेमसेट, म्हणजे मेमरीत एकच बाइट भरत जाणारं सी चं फंक्शन, शून्य भरायचं आणि बाहेर. इतकी वर्षं कुणी त्या ओळीकडं बघितलं पण नाही.

गेल्या महिन्यात फ्लॅश भरली. पावतीसाठी नवीन मराठी फॉन्ट टाकला आणि जागाच उरली नाही, म्हणून मी कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू केलं, ओ-झिरोवरून (बंद) ओ-एसवर (कोड लहान कर) आणलं. कोड मस्त आक्रसला, मी खुश. परवा सर्व्हरवरचा लॉग चाळत बसलो होतो तर स्टेटस पॅकेटच्या शेपटीत हे दिसलं:

३४ ३७ ३१ ३३ ३९ ३२

ज्यांना ॲस्की (अक्षरांचे आकडी कोड) पाठ आहे त्यांनी ओळखलंच असेल. ४७१३९२. माझ्याच टेबलावरच्या टेस्ट मशीनची पिन, दर पाच मिनिटाला सर्व्हरवर जायली!

पॅकेट ६४ बाइटचं आहे आणि आम्ही भरतो ४०च. उरलेल्या २४ मध्ये स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) आधीचं जे काय पडलेलं असेल ते तसंच जातं. ती चूक आमचीच, मान्य. पण पिन तर पुसली होती ना? ऑब्जडम्प काढून, म्हणजे तयार झालेला मशीन कोड उघडून बघितलं. जुन्या बिल्डमध्ये फंक्शनच्या शेवटी मेमसेटला उडी मारणारी बीएलची ओळ आहे. नव्यात ती ओळच नाही. पिन जुळवली की सरळ पॉप आणि बाहेर. मी दहा वेळा सोर्स बघितला, मेमसेट तिथंच आहे.

आता प्रश्न. आमची स्वतःची छोटी सी लायब्ररी आहे, मेमकॉपी, स्ट्रिंग, प्रिंटएफचं पिल्लू वगैरे. तिच्यात "खरंच पुसणारं" वेगळं फंक्शन टाकावं का? सध्याचे साहेब म्हणायलेत लायब्ररीला हात लावू नको, तेवढी एक फाइल ओ-झिरोवर ठेव आणि मोकळा हो. तुमचं काय मत?

अर्धवट_पॉइंटर (रात्री ११:४१)

ह्याला डेड स्टोअर एलिमिनेशन म्हणतात बावा, आणि कंपायलरची काहीच चूक नाही ह्यात.

असं समज, तू भाड्याची खोली सोडायलास. सामान टेम्पोत भरलं, चावी मालकाला द्यायची राहिली. आता खोली झाडायची का? कंपायलर म्हणतो, तू तर परत येणार नाहीस, झाडलेलं बघणार कोण, चल टेम्पोत बस. त्याच्या हिशोबानं बरोबरच आहे. फंक्शन संपल्यावर तो लोकल बफर संपला, त्यात नंतर कुणी वाचत नाही, मग त्यात शून्य लिहून वेळ कशाला घालवायचा. सी चं स्टँडर्ड त्याला सांगतं की प्रोग्रामच्या बाहेरून दिसणाऱ्या वागण्यात फरक पडत नसेल तर आत तुला काय करायचं ते कर. मेमरीत कचरा राहिला की शून्य राहिलं, हे त्या "दिसणाऱ्या वागण्यात" मोजतच नाहीत.

फक्त नवीन भाडेकरू येतो आणि त्याला माळ्यावर तुझी पत्रं सापडतात. तुझं स्टेटस पॅकेट म्हणजे तो भाडेकरू.

सी_वाले_सर (रात्री ११:५५)

आमच्या कॉलेजात अजून तो जुना टर्बो सी कंपायलर आहे. हा प्रॉब्लेम आम्हाला कधीच आलेला नाही. 😄

अर्धवट_पॉइंटर (रात्री ११:५७)

सर तुमच्याकडं तो निळा स्क्रीनच सिक्युरिटी आहे, बघूनच चोर पळतो.

मांजराकाठ (शनिवार, सकाळी ७:१०)

मला हे प्रकरण जरा जास्त ताणल्यासारखं वाटायलंय. दुधाच्या मशीनची रॅम कोण वाचणार? ज्याच्या हातात मशीन आहे, डिबगर आहे, तो फ्लॅशमधून सगळंच काढून घेईल. खरा बग काय तर पॅकेट कोरं न करता पाठवलं. पॅकेटच्या स्ट्रक्चरला सुरुवातीला शून्य भर, विषय संपला. त्यासाठी लायब्ररीत नवीन फंक्शन, त्याचं नाव, त्याची टेस्ट, त्याचं डॉक्युमेंट, एवढा पसारा कशाला? आमच्याकडं लातूरला म्हणतात, उंदराला मारायला तोफ.

वाळूजचा_वायरमन (सकाळी ७:३२)

पॅकेट कालच दुरुस्त केलं. पण उद्या दुसऱ्या कुणीतरी दुसरं पॅकेट अर्धवट भरलं तर? पुन्हा पिन बाहेर. मला दोन्हीकडून दार लावायचंय.

नाथसागर (सकाळी ९:०५)

मांजराकाठ, "रॅम कोण वाचणार" हे वाक्य २०१४ च्या एप्रिलपर्यंत बऱ्याच मोठमोठ्या लोकांनी म्हणलेलं आहे. मग हार्टब्लीड आलं. ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत एक लांबीची तपासणी राहिली होती, बास, तेवढ्यावर बाहेरचा माणूस सर्व्हरला न शिवता एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी मागून घ्यायचा, आणि त्यात पासवर्ड, कुकी, कधीकधी प्रायव्हेट की सुद्धा यायची. डिबगर नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. वायरमनचं पॅकेट म्हणजे त्याचाच गावठी धाकटा भाऊ आहे. तिकडं लांबी तपासली नव्हती, इकडं पॅकेट भरलं नव्हतं, पण शिळी मेमरी बाहेर गेली हे सारखंच. म्हणून गुपित जितका कमी वेळ मेमरीत पडून राहील तितकं बरं. वाचणारा येणारच नाही असं धरून चालत नाही.

आता मूळ प्रश्नावर. हे फंक्शन तू पहिल्यांदा टाकणार नाहीस, सगळ्यांनी टाकून झालंय, फक्त प्रत्येकानं आपापलं नाव ठेवलं. ओपनबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमनं ५.५ मध्ये एक्सप्लिसिट_बीझीरो आणलं, २०१४ ला. लिनक्स कर्नलमध्ये त्याच वर्षी मेमझीरो_एक्सप्लिसिट आलं. नेटबीएसडीवाल्यांनी एक्सप्लिसिट_मेमसेट म्हणलं. विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी. ग्लिबसीनं (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) २.२५ मध्ये, म्हणजे २०१७ च्या फेब्रुवारीत, ओपनबीएसडीचंच नाव घेतलं, आणि मसलनं (तसलीच छोटी सी लायब्ररी) २०१८ ला. ओपनएसएसएलचं स्वतःचं वेगळंच, ओपनएसएसएल_क्लीन्स. प्रत्येक प्रोजेक्टनं घरी एक केरसुणी करून ठेवलेली होती, आणि त्यातल्या अर्ध्या केरसुण्या पुढच्या कंपायलरच्या व्हर्जनला झडायच्या. हेच तर कारण आहे की हे काम लायब्ररीनंच करावं. ज्याला कंपायलर कसा वागतो हे कळतं त्यानं एकदा नीट लिहायचं आणि बाकीच्यांनी नुसतं बोलवायचं.

बीडचा_बाइट (सकाळी ९:२०)

पण सी११ मध्ये, म्हणजे सी च्या २०११ च्या आवृत्तीत, मेमसेट_एस होतं की स्टँडर्डमध्येच, ते कुठं गेलं?

नाथसागर (सकाळी ९:३८)

ते अ‍ॅनेक्स के मध्ये, म्हणजे स्टँडर्डच्या पुरवणीत, होतं आणि अ‍ॅनेक्स के ऐच्छिक. ग्लिबसीनं ते घेतलंच नाही. मॅकवर मेमसेट_एस मिळतं. तर झालं काय, स्टँडर्डमध्ये असूनही ज्याच्या कोडला चार ठिकाणी चालायचंय त्यानं भरवसा ठेवावा असं ते कधी झालंच नाही. शेवटी सी२३ मध्ये मेमसेट_एक्सप्लिसिट आणलं, मेमसेटसारखेच तीन आर्ग्युमेंट, आणि हे ऐच्छिक नाही.

लोखंडी_सावरगाव (सकाळी १०:१५)

माझा अनुभव सांगतो. मी ग्लिबसीचं एक्सप्लिसिट_बीझीरो वापरून एक छोटं टूल लिहिलं, माझ्या लॅपटॉपवर झकास. क्लायंटच्या सर्व्हरवर नेलं, तिथं सेंटओएस ७, जुनं लिनक्स. लिंकर म्हणला अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे हे फंक्शन सापडत नाही. तिथलं ग्लिबसी २.१७! मी दुपारभर मेकफाइलला (बिल्डच्या सूचनांच्या फाइलला) शिव्या घालत बसलो. दोष मेकफाइलचा नव्हताच, जो पाहुणा त्या घरात आलेलाच नाही त्याला मी हाका मारत होतो. शेवटी लिबबीएसडी मधून, बीएसडीची फंक्शनं देणाऱ्या लायब्ररीतून, घेतलं.

आणि अजून एक गंमत, तुम्ही कंपायलरला कडक सी९९ वर ठेवलं तर नवीन ग्लिबसीत सुद्धा हेडर ते नाव दाखवत नाही, डिफॉल्ट सोर्सवाला मॅक्रो आधी डिफाइन करावा लागतो. ह्यात पण माझी एक संध्याकाळ गेली.

हिंगोलीकर_हळद (सकाळी १०:५०)

एवढं सगळं कशाला करायलेत कळंना. व्होलाटाइल पॉइंटर घ्या, फॉर लूप लावा, एकेक बाइट शून्य करा. मी दहा वर्षं हेच करतोय. व्होलाटाइल म्हणलं की कंपायलर हात लावत नाही. पाच ओळी.

अर्धवट_पॉइंटर (सकाळी ११:०४)

चालतं, बहुतेक सगळीकडं चालतं. पण भांडण असं आहे की स्टँडर्ड "व्होलाटाइल ऑब्जेक्ट"बद्दल बोलतं, आणि तुझा बफर साधाच आहे, तू फक्त त्याच्याकडं व्होलाटाइल चष्म्यातून बघायलास. कंपायलरवाले सभ्य आहेत म्हणून चष्म्याचा मान ठेवतात. दुसरं म्हणजे एकेक बाइट. मोठा बफर असला की मेमसेट जे काम आठ-सोळा बाइटच्या घासानं करतो ते तू चमच्यानं करतोस.

हिंगोलीकर_हळद (सकाळी ११:०९)

सहा आकडी पिनला चमचाच पुरतो हो.

अर्धवट_पॉइंटर (सकाळी ११:१०)

हे बाकी खरं 😂

नाथसागर (सकाळी ११:४५)

मसलमध्ये कसं केलंय ते बघण्यासारखं आहे, कारण दोनच ओळी आहेत. साधा मेमसेट करायचा, आणि त्याच्या खाली एक रिकामी असेंब्ली, आत एकही इन्स्ट्रक्शन नाही. पण तिला बफरचा पॉइंटर इनपुट म्हणून द्यायचा आणि मेमरी क्लॉबर लिहायचं. म्हणजे कंपायलरला सांगायचं, बाबा, इथं काहीतरी होतंय जे ह्या पत्त्यावरची मेमरी वाचू शकतं, काय होतंय ते विचारू नको. मग त्याला मेमसेट ठेवावाच लागतो. खोलीच्या भाषेत सांगायचं तर घरमालक येऊन बघणार आहे अशी नुसती हूल द्यायची, तो येत नाही, पण झाडणं होतं.

वायरमन, इथं एक खड्डा आहे, लक्ष दे. पॉइंटर न देता नुसतं मेमरी क्लॉबर लिहिलं तर काही वेळा पुरत नाही. फंक्शन इनलाइन झालं (बोलावणाऱ्याच्या कोडातच मिसळलं) आणि बफरचा पत्ता त्या फंक्शनच्या बाहेर कुठंच गेला नसला, तर कंपायलर म्हणू शकतो की ह्या असेंब्लीला तो पत्ता माहीतच नाही, मग ती वाचेल कशी, काढा मेमसेट. कर्नलवाल्यांना हेच निस्तरावं लागलं, आधी साधं बॅरिअर होतं, नंतर पॉइंटर देणारं बॅरिअर_डेटा केलं. ग्लिबसीचं फंक्शन वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत असतं म्हणून तिथं नुसतं क्लॉबर निभावतं. तुझी लायब्ररी मात्र स्टॅटिक, म्हणजे प्रोग्राममध्येच जोडलेली आहे, आणि उद्या कुणी लिंक टाइम ऑप्टिमायझेशन (सगळ्या फाइली जोडताना होणारं) लावलं की वेगळ्या फाइलची भिंत पण राहत नाही. पॉइंटर दे.

आणि हो, साहेबांची ती "एक फाइल ओ-झिरो"वाली युक्ती. ती फाइल उद्या कुणीतरी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो, मेकफाइलमधली ओळ तिथंच राहते. तुझ्या मेमसेटचं जे झालं तेच त्या ओळीचं होईल, लिहिलेली दिसेल आणि चालणार नाही.

मांजराकाठ (दुपारी १२:३०)

बरं, हार्टब्लीडचा मुद्दा पटला. तोफ मागे घेतो. पण नावात "सिक्युअर" घालू नका एवढीच विनंती, आमच्या पोरांना वाटतं सिक्युअर लिहिलं की सिक्युअर झालं.

परभणीची_सई (दुपारी १:१५)

मांजराकाठकाका, तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "एक्सप्लिसिट" ह्या शब्दात फक्त एवढंच वचन आहे की मी सांगितलंय तर तू पुसायचं. सगळीकडचं पुसलं गेलं असं वचन नाहीये.

मी थोडं विस्तारानं लिहिते कारण ह्यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. मी एका पेमेंटच्या कामात कीचा बफर एक्सप्लिसिट_बीझीरोनं पुसायचे आणि रिव्ह्यूत मोठ्या दिमाखात सांगायचे की की मेमरीत राहतच नाही. रिव्ह्यू करणाऱ्या सरांनी मला फक्त मॅन पेज (फंक्शनचं माहितीपत्रक) उघडून नोट्सचा भाग वाचायला लावला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, हे फंक्शन तू दिलेल्या पत्त्यावरचंच पुसतं, त्या डेटाच्या प्रती रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत), स्टॅकवरच्या तात्पुरत्या जागेत राहिल्या असतील तर त्यांचा त्याला पत्ताच नाही. ही समजण्यासारखी गोष्ट आहे. दुसरी वाचून मात्र मी खुर्चीत सरळ बसले. समजा छोटीशी की आहे, आणि कंपायलरनं ती पूर्णवेळ रजिस्टरमध्येच ठेवली होती, मेमरीत आणलीच नव्हती. आता तुम्ही एक्सप्लिसिट_बीझीरोला तिचा पत्ता देता. रजिस्टरला पत्ता नसतो. मग कंपायलरला तिला मेमरीत जागा करावी लागते, आणि होऊ शकतं काय, की तो बोलावण्याच्या जरा आधी की मेमरीत लिहितो, फक्त तुम्हाला ती पुसता यावी म्हणून! मग ती तिथली प्रत पुसली जाते आणि रजिस्टरमधली मूळ प्रत तशीच. म्हणजे जे भांडं घासायला काढलं ते घासलं, आणि ज्यात खरंच स्वयंपाक झाला ते ओट्यावर.

ह्याचा अर्थ फंक्शन टाकू नका असा नाही. मॅन पेजचं पण तसं म्हणणं नाही. पण वायरमनदादा, लायब्ररीत टाकाल तेव्हा त्याच्या वरच्या कॉमेंटमध्ये हे लिहा. आणि बफरच्या बाकीच्या प्रती शोधा: रीअलॉकनं जागा हलवली तर जुनी जागा न पुसता परत जाते, स्ट्रक्चर व्हॅल्यूनं पास केलं की अजून एक प्रत, एफगेट्सनं वाचलं तर स्टॅंडर्ड इनपुटच्या स्वतःच्या बफरमध्ये एक. मोठ्या मशीनवर स्वॅप (डिस्कवर हलवलेली मेमरी) आणि कोअर डम्प (क्रॅश झाल्यावर फाइलमध्ये उतरलेली मेमरी) वेगळेच. रजिस्टरसाठी जीसीसी कंपायलरच्या ११ व्या आवृत्तीपासून झीरो-कॉल-यूज्ड-रेग्ज नावाचा एक पर्याय आहे, तो फंक्शनमधून परत जाताना वापरलेले रजिस्टर शून्य करतो, पण तो पण दोरीचा एक पीळ, पूर्ण दोरी नाही.

सी_वाले_सर (दुपारी १:४०)

सई, हे मी सोमवारी वर्गात सांगणार. टर्बो सी बंद करून.

बीडचा_बाइट (दुपारी १:४२)

ऐतिहासिक क्षण. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

प्रथमवर्ष_पास (दुपारी २:३०)

ताई, मी जावा शिकायलोय. आमच्यात पासवर्ड पुसायची अशी काही भानगड नाही ना? गार्बेज कलेक्टर उचलतो ना सगळं?

परभणीची_सई (दुपारी २:४८)

गार्बेज कलेक्टर कचरागाडीसारखा आहे रे, त्याच्या वेळेला येणार, आणि आला तरी जागा मोकळी करतो, धुऊन देत नाही. वर जावाची स्ट्रिंग बदलताच येत नाही, म्हणून पुसता पण येत नाही. जेपासवर्डफील्डमधलं गेटपासवर्ड स्ट्रिंग न देता कॅरेक्टरचा अ‍ॅरे देतं ते ह्याचसाठी, निदान तो अ‍ॅरे तरी तुला शून्य करता यावा. तरी कलेक्टरनं मधल्या काळात तो इकडून तिकडं हलवला असेल तर जुन्या जागेची प्रत आपल्या हातात नाही.

हिंगोलीकर_हळद (दुपारी ३:२०)

जरा विषय सोडून. ज्वारी हुरड्यात आलीय. पुढच्या रविवारी आमच्या शेतावर कोण कोण येणार? वसमत रोडला, लोकेशन मेसेजमध्ये टाकतो. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेलं कणीस हातावर चोळून. कंपायलरचा विषय काढणाऱ्याला कणसं चोळायला बसवण्यात येईल.

मांजराकाठ (दुपारी ३:२५)

मी येतो. बोलणारच नाही काही.

लोखंडी_सावरगाव (दुपारी ३:४०)

मी पण, पण रेवडी-गोडीशेव कोण आणणार ते आधी ठरवा, मागच्या वेळी सगळ्यांनी दहीच आणलं.

अर्धवट_पॉइंटर (दुपारी ४:१०)

परत मूळ धाग्यावर. वायरमन, फंक्शन टाकलंस तर टेस्ट कशी करणार? "पुसलं गेलं" हे बघायला तू तो बफर वाचलास की कंपायलरला वाचणारा दिसला, मग साधा मेमसेट पण तो ठेवतो. म्हणजे तुझी टेस्टच आजार लपवते. बघायला गेलास की खोली स्वच्छ.

नाथसागर (दुपारी ४:३५)

ग्लिबसीच्या टेस्टमध्ये ह्याचं उत्तर आहे आणि ते भारी आहे. ते फंक्शन वेगळ्या स्टॅकवर चालवतात, तो स्टॅक त्यांनीच आधी अलॉकेट केलेला. फंक्शन आपल्या लोकल बफरमध्ये ठरलेला पॅटर्न भरतं, पुसतं, आणि मग बाहेरून सगळ्या स्टॅकच्या जागेत तो पॅटर्न शोधतात. बफरचं नाव घेऊन कुणी वाचतच नाही, त्यामुळं कंपायलरला पत्ता लागत नाही. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे आधी एक चाचणी अजिबात न पुसता करतात. तिथं पॅटर्न सापडलाच पाहिजे. नाही सापडला तर शोधणाराच आंधळा आहे, पुढच्या निकालाला काही अर्थ नाही.

तुझ्या मशीनवर तर अजून सोपं. डिबगर लावून सगळी रॅम फाइलमध्ये उतरव आणि पिनचे सहा बाइट शोध.

वाळूजचा_वायरमन (सोमवार, रात्री १०:०५)

मंडळी, हजेरी लावतो. साहेबांना सईताईंचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणले टाक लायब्ररीत. तर टाकलं. वेगळी फाइल, आत मेमसेट, खाली रिकामी असेंब्ली, पॉइंटरसकट. नाव एक्सप्लिसिट_बीझीरोच ठेवलं, आपलं नवीन बारसं कशाला. त्यातून एक फायदा पण झाला, भरायचं काय हे आर्ग्युमेंटच नाही, त्यामुळं मेमसेटमध्ये लांबी आणि शून्य ह्यांची अदलाबदल व्हायची जी जुनी खोड आहे ती इथं होऊच शकत नाही. वर मोठी कॉमेंट लिहिली, रजिस्टरचं पण लिहिलं.

मग नाथसागर म्हणले तसं केलं. आधी पुसायची ओळ बंद ठेवून रॅम उतरवली, पिन दोन ठिकाणी सापडली. दोन! एक आपला बफर, आणि दुसरी कीपॅडच्या ड्रायव्हरमध्ये, तो शेवटची आठ बटणं स्वतःकडं ठेवायचा, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. ते पण पुसलं. मग ओळ चालू करून परत रॅम उतरवली. कीपॅडवालं साफ. आणि आपल्या बफरच्या जागी काय दिसावं:

०० ०० ०० ०० ३९ ३२

माझा जीव खालीवर. चार पुसले, दोन शिल्लक. मी कंपायलरवर संशय घेतला, असेंब्लीवर घेतला, साडेबारा वाजेपर्यंत बसलो. बायको दोनदा येऊन बघून गेली.

लोखंडी_सावरगाव (रात्री १०:०९)

साइझऑफ!

बीडचा_बाइट (रात्री १०:०९)

साइझऑफ पॉइंटर. पैज लावतो.

वाळूजचा_वायरमन (रात्री १०:१६)

हो ना राव. कोड नीटनेटका करायच्या नादात पुसायचं काम एका छोट्या मदतनीस फंक्शनमध्ये हलवलं, तिथं पिन पॉइंटर म्हणून आली, आणि मी सवयीनं साइझऑफ पिन (पिनचा आकार किती) लिहिलं. बत्तीस बिटचा आर्म, पॉइंटर चार बाइटचा, चारच पुसले. मेमसेट असता तर कंपायलरनं निदान वॉर्निंग दिली असती, तो त्याच्या ओळखीचा. आमच्या घरच्या फंक्शनला तो काय ओळखतो. आता लांबी वेगळी पास करतो. परत रॅम उतरवली, शोधलं, काही नाही. अजून एकदा शोधलं. नाही.

अर्धवट_पॉइंटर (रात्री १०:२०)

म्हणजे ज्याच्या हाती केरसुणी दिली त्यानं अर्धीच खोली झाडली, आणि शिव्या कंपायलरला.

परभणीची_सई (रात्री १०:३१)

कीपॅडवाली प्रत सापडली हे मला जास्त आवडलं. ती एक्सप्लिसिट_बीझीरो नुसतं लिहून कधीच सापडली नसती. दादा, आता टेस्ट मशीनची पिन बदला फक्त, ती ह्या धाग्यात तीन दिवस उघडी पडलीय.

वाळूजचा_वायरमन (रात्री १०:३३)

अरे देवा.

हिंगोलीकर_हळद (रात्री १०:३५)

हा माणूस रविवारी कणसं चोळणार. नाव लिहून घेतलंय.